दोनशेला निघण्याआधी

नाव नोंदवलंस, पैसेही भरलेस, आणि आता रात्री झोप लागत नाही म्हणतेस. अगं, अजून अडीच महिने हातात आहेत. तेवढे पुरतात. सायकलवरचे दोनशे किलोमीटर कागदावर मोठे दिसतात खरे. पुण्याहून पाचगणीला जायचं आणि परत यायचं, साधारण तेवढं हे अंतर. वाटेतले खंबाटकी आणि पसरणी हे दोन्ही घाट त्यात आले. नोकरी करणाऱ्या बाया, दोन लेकरांच्या आया, साठी ओलांडलेली माणसं हे अंतर पूर्ण करतात. तूही करशील.

तुझ्या बोलण्यात सारखी पायांची काळजी येते. पण पाय हा यातला सगळ्यात सरळ भाग आहे. नेमाने सायकल चालवली की ते तयार होतात. आपल्या बायकांची पहिली लांब राइड अर्धवट राहताना मी पाहिलीय ती बसायची जागा सोलवटल्यामुळे, पाणी न प्यायल्यामुळे, वेळेवर दोन घास पोटात न गेल्यामुळे. हे आधी कुणी सांगत नाही. ग्रुपमधले दादा चांगले असतात, घाटात धीर देतात, पंक्चर झालं तर थांबतात. पण लघवीचं, पाळीचं, मांड्यांच्या आत निघणाऱ्या सालपटांचं त्यांनी काय बोलावं? म्हणून ते मी बोलते. दार लावून घे आणि नीट ऐक.

आधी घड्याळाचं बघू. ही बीआरएम आहे, शर्यत नाही. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाने घालून दिलेल्या नियमांनी ती जगभर होते, आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया ती चालवते. पहिला-दुसरा नंबर कुणाचाच नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे हजेरीच्या थांब्यावर, ठरलेल्या वेळेआधी पोचायचं, आणि बाहेरच्या गाडीची मदत न घेता स्वतःच्या जिवावर परत यायचं. १०० किलोमीटरचा कंट्रोल ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. पुरुषाला आणि बाईला वेळ एकच. आता हिशेब कर. तू ताशी २० ने चाललीस तर सायकलवर १० तास जातात आणि साडेतीन तास हाताशी उरतात. ताशी १८ ने चाललीस तर उरतात जेमतेम अडीच तास. म्हणजे जोरात पळायची गरजच नाही. वेळ जातो तो थांब्यांवर. चहा सांगितला, फोटो काढले, कुणाची तरी वाट पाहिली, की अर्धा तास कसा गेला कळत नाही. सरावातसुद्धा थांब्याचा वेळ मोज आणि दहा मिनिटांत पुन्हा सायकलवर बसायची सवय लाव. नवख्या मुलीला याने जेवढा फायदा होतो तेवढा महागड्या चाकांनी होत नाही.

सरावाचं मी थोडक्यात सांगते, कारण ते अवघड नाही. आठवड्यात दोन दिवस तासा-सव्वातासाची राइड, त्यातली एक चढाची. बोपदेव किंवा कात्रज जे जवळ असेल ते. रविवारी लांब. आत्ता तू ४० आरामात करतेस, तर पुढच्या रविवारी ५०, मग ६०, असं दर वेळी दहा-बारा वाढवत जा आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी कर. मोठ्या दिवसाच्या दोन आठवडे आधी १२० ते १४० ची एक राइड झाली पाहिजे. त्यापेक्षा जास्त लागत नाही. शेवटचा आठवडा अगदी हलका ठेव. त्या आठवड्यात कमावता काहीच येत नाही, थकवा मात्र साठवता येतो. आणि चालवताना शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द यायला लागले की गिअर हलका कर. घाटातही पाय गरगर फिरत राहू देत. जड गिअर रेटत राहिलीस तर गुडघा दुखायला लागेल.

आता बसायच्या जागेकडे येते. दुकानात गेलीस की तुला जाड, मऊ, जेल भरलेली सीट दाखवतील आणि बोटाने दाबून बघायला लावतील. घेऊ नकोस. पाऊण तासाच्या फेरीला ती छान वाटते. सहा तास बसलं की हाडं तिच्यात रुततात आणि सगळा दाब मधल्या नाजूक भागावर येतो. आपला भार पेलायला बसायची दोन हाडं असतात. सॅडल त्या हाडांना पुरेल एवढी रुंद हवी, आणि बायकांच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. ते घरीच मोजता येतं. कडक स्टुलावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेव, त्यावर बस, टाचा उचलून थोडी पुढे वाक, आणि उठून बघ. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने मोज आणि तो आकडा घेऊनच दुकानात जा. मधोमध खाच असलेली सॅडल पुष्कळजणींना सोसते.

उंचीसाठी सोपी खूण आहे. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग नेहमीसारखा चवडा ठेवलास की गुडघ्यात थोडा वाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे. हे सगळं आत्ता, पहिल्या महिन्यातच लावून घे. शेवटच्या तीन आठवड्यांत सीट, हँडल, बूट, शॉर्ट्स यातलं काहीही बदलू नकोस.

पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत निकर घालायची नाही. हे ऐकून प्रत्येक मुलगी दचकते, पण ते पॅड थेट अंगाला लागावं म्हणूनच बनवलेलं असतं. मध्ये कापडाची शिवण आली की ती शिवणच दिवसभर घासत राहते. घासणाऱ्या जागी निघण्याआधी सायकलिंगचं क्रीम लाव आणि छोटी डबी सोबत ठेव. खांद्यावर पट्टे असलेल्या बिब शॉर्ट्स दिसतात छान, पण प्रत्येक वेळी लघवीला जाताना जर्सी काढावी लागते. पहिल्या राइडला कमरेची साधी शॉर्ट्सच बरी. राइड जवळ आली की त्या भागात वॅक्सिंग करू नकोस, रेझरही वापरू नकोस. घामाने आणि घासण्याने पुळ्या येतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेडलवर उभी राहून क्षणभर अंग मोकळं कर. राइड संपली की ओल्या शॉर्ट्समध्ये गप्पा मारत बसू नकोस. आधी कपडे बदल, आणि त्या शॉर्ट्स त्याच दिवशी धुऊन, उलट्या करून उन्हात टाक.

आता पाण्याबद्दल. हे मात्र मी आग्रहाने सांगणार, रागावलीस तरी चालेल. शाळेतलं घाणेरडं संडास टाळायला आपण लहानपणीच पाणी कमी प्यायला शिकलो. पुढे एसटीच्या प्रवासात, ऑफिसात, लग्नाच्या वऱ्हाडात तेच करत आलो. पाणी कमी प्यायलं की जावं लागत नाही, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की सायकलवर आपण बाटली भरून घेतो आणि जवळपास तशीच परत आणतो. दोनशे किलोमीटरला हे चालत नाही. दुपारी बारानंतर डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, पिंडऱ्यांत गोळे येतात, खाल्लेलं पोटात बसून राहतं. घरी आल्यावर लघवीची जळजळ सुरू होते ती वेगळीच. थंडीच्या दिवसांतसुद्धा तासाला अर्धा लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, उन्हात पाऊण लिटर. एकदम घटाघटा प्यायचं नाही, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट घ्यायचे. तीन-चार तासांत एकदाही लघवी लागली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, तर तू मागे पडली आहेस असं समज आणि आधी ती तूट भर.

नुसतं साधं पाणी पीत सुटणंही बरं नाही. घामातून मीठ जातं, आणि मीठ न घेता लिटरच्या लिटर पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. ते धोक्याचं असतं. म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती माप पाठ कर. थांब्यावर लिंबू-मीठ घातलेला उसाचा रस, ताक किंवा कोकम सरबत मिळालं तर जरूर घे.

मग जायचं कुठे, हा प्रश्न उरतो. त्याची तयारी सरावातच करायची असते. मोठ्या पेट्रोल पंपावर, एसटी स्टँडवर, कुटुंबं थांबतात अशा हॉटेलांत सोय असते. ज्या रस्त्याने राइड आहे त्याच रस्त्याने एकदा सरावाला जा आणि कुठल्या किलोमीटरला काय आहे ते लिहून ठेव. तुझ्या रूट शीटवर घाट आणि वळणांइतकीच ही नोंद महत्त्वाची आहे. विचारायला लाजू नकोस. चहा घ्यायचा आणि सरळ विचारायचं. सोबत कागदी साबण, टिश्यू आणि वापरलेलं परत आणायला एक पिशवी ठेव. उभ्याने लघवी करता येईल असं कागदी साधनही मिळतं, ते घरी न्हाणीघरात आधी वापरून बघ, म्हणजे वाटेत घाबरायला होत नाही. एक पातळ ओढणी घडी करून जर्सीच्या खिशात टाक. रस्त्याकडेला थांबावं लागलंच तर मैत्रीण ती धरून उभी राहते. आडोसा शोधायला दोघींनी मिळूनच जायचं, आणि निघताना तिसऱ्या कुणाला सांगून.

पाळीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर मोजून बघ. राइडच्या दिवशी येणार असेल तर राइड रद्द करायचं काही कारण नाही, पण सॅनिटरी पॅडच्या कडा शॉर्ट्सच्या पॅडवर घासून मांड्या सोलतात. पुष्कळजणी मेन्स्ट्रुअल कप वापरतात. वापरायचा असेल तर आधीच्या एक-दोन पाळ्यांत घरी सवय कर, पहिल्यांदा राइडच्या दिवशी नको. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, डॉक्टरांना विचार. आणि त्यांच्याकडे जाशील तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं. चढावर लवकर धाप लागते म्हणून आपण स्वतःला दोष देत बसतो आणि खरं कारण रक्तात असतं. लोह भरून यायला आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी याच आठवड्यात कर.

खाण्याचं गणित असं की शरीरात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींपुरती असते. ती अर्ध्या दिवसातच आटते. मग अचानक हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, उगाच रडू येतं. हे होऊ द्यायचं नसेल तर पहिल्या तासापासूनच थोडं थोडं खात राहायचं. चूल विझायला आल्यावर फुंकत बसण्यापेक्षा आधीच सरपण सारावं, तसं. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे एक केळं आणि वर एखादा राजगिऱ्याचा लाडू किंवा चार खजूर. महागडी जेल घ्यायलाच हवीत असं मुळीच नाही. गूळ-तूप लावलेली पोळी गुंडाळून तिचे घासाएवढे तुकडे कर आणि सायकल न थांबवता काढता येतील असे खिशात ठेव. आईच्या दशम्या यासाठी फार उत्तम. गोडाचा कंटाळा येतो, म्हणून थोडे खारे शेंगदाणेही ठेव. मोठ्या थांब्यावर पोहे, इडली किंवा दहीभात खा. तर्रीवाली मिसळ आणि वडे परत आल्यावर हवे तेवढे खा. त्या दिवशी वाटेत ते पोटात जड होऊन बसतात. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लाव. भुकेवर विसंबू नकोस, उन्हात भूक मरते.

सायकलबद्दल तू मला चार पानी प्रश्न पाठवलेस, आणि त्यावर मी सगळ्यात कमी बोलणार आहे. तुझी हायब्रिड चांगली आहे. जाड नक्षीचे टायर असतील तर गुळगुळीत, २८ ते ३२ मिलिमीटरचे घाल, आणि घाटासाठी मागे मोठी चक्री असलेली कॅसेट बसवून घे. सर्व्हिसिंग आठवडाभर आधी कर, आदल्या दिवशी नको. त्यानंतर एक तरी राइड झाली पाहिजे, म्हणजे काही सुटलं असेल तर कळेल.

पंक्चर मात्र स्वतःला काढता आलं पाहिजे. मागचं चाक, कारण अडतं ते तिथेच. चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणायची, चाक सोडवायचं, ट्यूब काढायची. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवायचं. आपल्याकडे बाभळीचा काटा असतो, नाहीतर हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसाएवढी तार. ती आत राहिली तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, पॅच, मल्टिटूल आणि चेनची एक जोडकडी एवढं सामान पुरे. घरी अंगणात, मग अंधारात टॉर्च लावून हे करून बघ. कुणी तरी थांबून काढून देईल या भरवशावर निघणाऱ्या मुलीला दिवसभर कुणाच्या तरी वेगाने चालावं लागतं. ज्या दिवशी तुला चाक काढता येईल त्या दिवशी तू एकटी मागे राहायला भिणार नाहीस.

हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट नियमात आहेच. मागे दोन दिवे लाव, एक बंद पडला तर दुसरा असतो. सुरुवात पहाटे अंधारात होते, म्हणून अंधारातली एक-दोन राइड आधी कर. रस्त्याच्या अगदी काठाला चिकटून चालवू नकोस. तिथे काचा आणि खडी असते, आणि चुकवायला जागा उरत नाही. उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली हायवेवर तुला भेटणारच, लांबून नजर ठेव. घाट उतरताना ब्रेक दाबून धरू नकोस. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, आणि वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. कुत्रं धावून आलं तर पळू नकोस. उतर, सायकल मध्ये धर आणि चालत पुढे जा. खिशात रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद, फोनमध्ये ११२ हाताशी.

आईचं काय करायचं, असं विचारलंस. ती नाही म्हणते ते काळजीपोटी, आणि तिच्या काळजीला कारणं आहेत. तिच्याशी वाद घालू नकोस, तिला वेळापत्रक दे. किती वाजता कुठे असशील, कुठून मेसेज करशील, सोबत कोण आहे, लाइव्ह लोकेशन फोनवर कसं बघायचं. हे तिला शेजारी बसवून दाखव. सरावाच्या राइडला ठरलेल्या वेळी मेसेज केलेस की तिचा विश्वास बसतो. पुण्याच्या प्रीती मस्केंबद्दल तिला सांग. २०२२ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई असताना, त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर एकटीने ५५ तास १३ मिनिटांत सायकलवर पार केलं. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी विशीत सायकलवरून जगाला फेरी घालून आली. तुझी राइड त्यापुढे एका दिवसाची आहे, आणि रात्री तू घरी जेवायला येणार आहेस.

आता शेवटचं. शंभरच्या पुढे कधीतरी एक वाईट तास येतो. वारा तोंडावर, मान आखडलेली, बरोबरच्या मुली दिसेनाशा झालेल्या, आणि आपण हे का करतोय असं वाटतं. तो सगळ्यांना येतो. त्या तासात राइड सोडायची की नाही हे ठरवायचं नाही. सावलीत थांब, खा, पाणी पी, दहा मिनिटं पाय पसर, आणि मग पुढच्या गावापर्यंतच जायचं असं ठरवून उठ. पण चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, गुडघ्यात सुरी खुपसल्यासारखी कळ येत असेल किंवा उन्हात घाम येणं बंद झालं असेल, तर तिथेच थांब आणि फोन कर. त्यात कमीपणा काहीच नाही. बीआरएम दरवर्षी पुन्हा पुन्हा होतात. या दोनशेनंतर ३००, ४०० आणि ६०० आहेत, आणि खूप पुढे, दर चार वर्षांनी, फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे. १८९१ साली पहिल्यांदा झालेली, आज साधारण १२०० किलोमीटरची, ९० तासांची. ते सगळं जागेवरच राहणार आहे. तुझी तब्येत आधी.

तर या रविवारी पन्नासला निघ. दोन बाटल्या भर, खिशात पोळी ठेव, सोबत एखाद्या मैत्रिणीला घे. रात्री मला फोन कर आणि दोन बाटल्यांपैकी किती पाणी प्यायलीस, वाटेत जायला कुठे थांबलीस, ते आधी सांग. वेगाचं मागाहून बोलू.